उभ्या नवरात्रातली गाडी

"मागचं दार लावा!" असं मी खणखणीत आवाजात ओरडलो, हात वर करून दोरी ओढली आणि भैरोबाच्या देवळातली घंटा वाजली.

हे मला नंतर कळलं, कारण मी झोपेत होतो. झोपेत म्हणजे उभ्याउभ्या, छातीशी टांगलेल्या फळीवर हनुवटी टेकून. माझ्या लेखी मी आटपाडीच्या गाडीत होतो. गाडी खचाखच भरली होती, दारात तिघं लोंबकळत होते आणि लांबून शेतातून कुणीतरी हात करत पळत येत होतं, म्हणून मी सिंगल मारली होती. एसटीत घंटीचा दोर एकदा ओढला की सिंगल, म्हणजे थांब. दोनदा ओढला की डबल, म्हणजे चल. एवढं आलं की कंडक्टरची निम्मी नोकरी आली.

पण वाजली ती देवळातली घंटा. बापू गुरव गाभाऱ्यात समया घासत बसले होते. ते दचकून बाहेर आले. आधी माझ्याकडं बघितलं, मग घंटेकडं बघितलं, आणि न जाणो म्हणून देवळाच्या मागच्या दाराकडं धावले. दार सताड उघडं होतं आणि आत शिरलेली एक शेळी देवापुढचा केळीचा खांब निवांत खात उभी होती.

त्या दुपारपासून भैरोबा जालिंदरच्या, म्हणजे माझ्या, तोंडून बोलतो, हे बाणूरवाडीत ठरून गेलं.

आता मी उभ्यानं का झोपत होतो, ते सांगायला हवं. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला देवाचे घट बसतात आणि तुळशीच्या लग्नाला उठतात. ज्याचा नवस असेल त्यानं मधले सगळे दिवस देवळात उभं राहायचं. बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही. अगदीच अंग मोडून आलं तर टेकायला म्हणून तुळईला दोर बांधून फळी टांगलेली असते. जालिंदर एसटीत कायम झाला तर उभं नवरात्र करील, असा नवस आईनं बोलला होता. बोलायचं तिनं आणि निस्तरायचं मी, ही आमच्या घरची जुनी वाटणी. मी कुरकुर केली तर म्हणाली, "दिवसभर गाडीत उभाच असतोस की. तुला काय जड?"

माझ्या शेजारच्या फळीवर नाना कोळेकर होते. मेंढरांमागं सारी हयात काढलेला हा म्हातारा दरवर्षी उभा राहायचा. कुठल्या नवसापायी, हे त्यांना आता आठवत नव्हतं. "देवाला आठवत आसंल की," असं म्हणून ते तंबाखू चोळायचे.

रात्री ढोल आणि गजीचा नाच असायचा, तेव्हा झोपेचं नावच नको. दुपारी मात्र देऊळ सामसूम व्हायचं आणि डोळ्यांवर झापड यायची. माझ्या डोक्यावर घंटेची दोरी लोंबत होती. झोपेत हात गाडीतल्या दोराच्या सवयीनं वर जायचा आणि नेमका तिला सापडायचा.

दुसऱ्या दिवशी तातोबा आला. भावाशी त्याचं बांधावरून भांडण होतं. तो माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला तेव्हा मी विट्याच्या स्टँडवर गर्दीशी झुंजत होतो. "पुढं सरका! पुढं जागा हाय!" मी ओरडलो आणि टण्‌कन घंटा मारली. तातोबानं संध्याकाळपर्यंत बांध हातभर पुढं सरकवला. भावानं कुऱ्हाड काढली. मग तो भाऊही धावत देवळात आला, तर त्यालाही तेच ऐकू आलं. दोघंही पुढं सरकायला लागले तेव्हा बापू गुरवांनी मध्ये पडून निवाडा केला, की देवानं दोघांना भांडण सोडून पुढं सरकायला सांगितलंय. बापूंची बुद्धी अशी ऐनवेळी चालायची.

मी जागा झाल्यावर त्यांना म्हणालो, "बापू, अहो ही रोजची गाडीतली वाक्यं आहेत. तुम्हीही शंभरदा ऐकली असतील."

"ऐकली की. पर देव ज्या तोंडानं बोलंल त्या तोंडाचीच भाषा बोलणार न्हवं का? उद्या वाण्याच्या तोंडानं बोलला तर गूळ-शेंगदाणंच म्हणंल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि शेवटाला घंटा वाजती बघ. त्यो शिक्का. घंटा न्हाई तर कौल न्हाई."

 खरं सांगायचं तर एका कौलानं मीही बुचकळ्यात पडलो होतो. पोरीनं मनानं लग्न केलं म्हणून शिवा लोहारानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं, तिच्या तान्ह्या पोराकडं बघितलंसुद्धा नव्हतं. तो दर्शनाला आला तेव्हा मी झोपेत म्हणालो, "ओ पाव्हणं, पोरगं मांडीवर घ्या, तिकीट लागत न्हाई." म्हातारा तिथंच ओक्साबोक्शी रडला आणि चपला न घालता पोरीच्या घरी गेला. आता हे देवानं केलं नाही असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

उभं राहणाऱ्याला फराळ भरवायला, ओल्या फडक्यानं तोंड पुसायला घरचं एक माणूस लागतं. आईची कंबर धरली होती म्हणून मामानं घट बसल्या दिवसापासूनच सिंधूला पाठवलं होतं. सिंधू मामाची मुलगी. तुळशीच्या लग्नादिवशी आमचा साखरपुडा करायचा असं मामा आणि आई यांच्यात ठरलं होतं, आणि मामाचं म्हणणं, तेवढीच पोरांची ओळख होईल. लहानपणी तिनं माझ्या डोक्यात दगड घातला होता, त्याहून जास्त ओळख काय व्हायची होती! मला ती आवडायची. ही गोष्ट मी तिला सोडून सगळ्यांना सांगितलेली होती.

आणि मग एके दिवशी मी माझ्यातून बाहेर पडलो.

सिंधू माझं तोंड पुसत होती. मी डोळे उघडे ठेवून बघत होतो, पण बघत होतो ते पलीकडच्या दगडी खांबापाशी उभा राहून. समोर फळीवर एक दाढी वाढलेला, डोळे तांबारलेला माणूस लटकला होता आणि सिंधू त्याचं कपाळ पुसत होती. फडकं गार आहे हे मला माहीत होतं, पण ते लागत होतं त्याला. माझ्या वाट्याला काहीच आलं नाही. मला त्याचा मनापासून हेवा वाटला. एवढ्यात आई दारातून म्हणाली, "जालिंदर, ताक घेतलंस का?" आणि मी जालिंदर कोण ते बघायला मान वळवली.

तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. हात हलवला तर हलत होता, पण तो दुसऱ्याच कुणाच्या तरी कामाला ठेवल्यासारखा. देऊळ, आई, सिंधू, सगळं होतं तिथंच होतं आणि तरी भिंतीवर टांगलेल्या फोटोसारखं लांब. वेड लागतं ते असंच लागत असणार. गावाला मी देव झालो होतो आणि मला मी कुणीच उरलो नव्हतो.

"नाना," मी हळूच म्हणालो, "मी इथं नाही हो."

नानांनी तंबाखूची पिंक सांभाळत माझ्याकडं बघितलं. "भाईर पडलास व्हय? कुठं हाईस?"

"खांबापाशी."

"मग बरं हाय, जवळच हाईस. मी पयल्या साली पार वड्याला गेलो हुतो." ते गालात हसले. "झोप न्हाई मिळाली की ती सपनं घिऊन जागंपणी येती. भ्यायचं न्हाई, आन फळीवरल्याशी भांडायचं न्हाई. त्यो बी तूच हाईस. येशील की माघारी."

"कधी?"

"काय तर तुझ्याबिगार व्हायचं न्हाई आसं काम निघालं, की येशील."

असलं कुठलं काम निघणार? नुसतं उभं राहायचं तर काम होतं, आणि ते तर तो फळीवरचा माझ्याशिवायच झकास करत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात कुणी नाही असं बघून सिंधू जवळ आली. "ओ कंडक्टर. जागे हाय का?"

"अर्धा."

"अर्धं ऐकलं तरी चालंल. मला मिरजेला नर्सिंगला बोलावलंय. तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी हजर व्हायचंय. अण्णा म्हणत्यात, आधी साखरपुडा, मग लग्न, मग बघू. लगीन झाल्यावर काय बघत्यात ते मी थोरल्या बहिणीचं बघितलंय. तीन पोरं आणि दोन म्हशी." ती श्वास घ्यायला थांबली. "तुम्ही वाईट न्हाई. पर मला जायचंय."

तुम्ही वाईट न्हाई! सबंध आयुष्यात माझी एवढी मोजकी स्तुती कुणी केली नव्हती. खांबापाशी उभ्या असलेल्या माझ्या पोटात खड्डा पडला. गंमत बघा, पोट फळीपाशी आणि खड्डा खांबापाशी.

"मग मी काय करू?"

"अण्णा माझं ऐकत न्हाईत, आईचं ऐकत न्हाईत. देवाचं ऐकत्यात. एकदा माझ्यासाठी झोपेत बोला."

"झोपेत काय बोलायचं ते माझ्या हातात आहे का सिंधू?"

तिनं जरा विचार केला. "मग मी कानात घालते."

आणि खरोखरच तिनं तो उद्योग सुरू केला. माझी मान कलली की ती फडकं घेऊन जवळ यायची आणि कानाशी पुटपुटायची, "मिरज. सिंधूला मिरजेला पाठवा. मिरज." मी खांबापाशी उभा राहून ते बघायचो. ती त्याच्या कानाशी इतकी वाकायची की मला वाटायचं, जन्मभर मिरजेची तयारी चालावी.

तिच्या मेहनतीला फळ आलं. माझ्या स्वप्नातल्या गाडीची पाटी बदलली, आटपाडीच्या जागी मिरज आली. आणि भर देवळात, बापू गुरवांच्या देखत, मी गरजलो, "मिरज गाडी फुल्ल! मागच्या गाडीनं या!" आणि टण्‌.

मी डोळे उघडले तेव्हा सिंधू फडकं पिळत होती. फडक्यातलं पाणी कधीच संपलं होतं, तरी ती पिळत होती.

बापूंनी ते मामाच्या कानावर घातलं. मामा खूश झाला. मिरज फुल्ल आहे हे देवानंच सांगितलं म्हटल्यावर राहिलं काय? तरी मामा शिस्तीचा माणूस. चार लोकांसमोर रीतसर कौल घेऊनच साखरपुडा करायचा असं त्यानं ठरवलं, आणि तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तो धुतलेला फेटा बांधून देवळात आला. पाठोपाठ आई, तातोबा, त्याचा भाऊ, नातवाला खांद्यावर घेतलेला शिवा लोहार, असं निम्मं गाव आलं. सिंधू बायकांच्या मागं भिंतीला टेकून उभी राहिली. त्या दिवशी तिनं माझ्या कानात काही घातलं नव्हतं. तिनं नाद सोडला होता.

मामानं नारळ ठेवला. "देवा भैरोबा, पोरांचा साखरपुडा उद्या उरकावा म्हणतो. पोरगी मिरज-मिरज करतीया. काय हुकूम हाय?"

फळीवरच्यानं मान टाकली होती. डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं.  मग त्याचे ओठ हलले.

"मिरज गाडी लागली," तो म्हणाला. "सिंधूला बसू द्या. एक जागा हाय."

लोकांत कुजबुज झाली. मामाचा फेटा एकदम मोठा दिसायला लागला, का त्याचं तोंड लहान झालं कोण जाणे. "आणि... आणि साखरपुडा, देवा?"

"मागच्या गाडीनं."

सगळे वर बघायला लागले. घंटा वाजली नाही. मामानं बापूंकडं बघितलं. बापूंनी मान हलवली. "शिक्का न्हाई. घंटेबिगार कौल पक्का न्हाई धरता येत."

मामाचा चेहरा खुलला.

मी त्या हाताकडं बघत होतो. गाडीत कुणाचा तरी डबा विसरून राहावा तसा तो फळीवर पडला होता. उचल, मी म्हणालो. उचलेना. आणि का उचलत नाही तेही मला समजत होतं. घंटा वाजली की सिंधू जाणार. मिरजेला डॉक्टर असतात, कंपाउंडर असतात, शिकलेली पोरं असतात. तिकडून कुणी कंडक्टरसाठी माघारी येतं का? हात गप्प राहिला तर उद्या संध्याकाळी ती माझी होणार होती. नुसतं उभं राहायचं होतं. तेवढं तर मला आता झोपेतसुद्धा जमत होतं.

भिंतीपाशी सिंधूनं मान खाली घातली.

मग तो हात वर गेला. दोरीला लागला. घंटा वाजली, आणि लगेच, घाईनं, आणखी एकदा वाजली.

"दोनदा!" बापू गुरव ओरडले. "दोनदा शिक्का मारला देवानं! आता कुणाची बिशाद हाय!"

मामानं फेटा काढून हातात घेतला आणि देवाला साष्टांग नमस्कार घातला. त्याच क्षणी माझ्या पायांतून अशी कळ आली की मी आई गं म्हणून विव्हळलो. पोटऱ्या ठणकत होत्या, टाचा फुटल्या होत्या, कपाळावर माशी बसली होती आणि ती माझ्याच कपाळावर बसली होती. खांबापाशी कुणी नव्हतं.

"आलास?" नाना पुटपुटले.

"आलो."

"आन मग रडतुयास कशाला?"

"पाय दुखतात," मी म्हणालो.

सिंधू सोमवारी मिरजेला गेली. आईनं मला पुढं दोन-चार मुली दाखवल्या, पण देवानंच साखरपुडा मागच्या गाडीवर टाकलाय म्हटल्यावर मला नाही म्हणायला बरं सापडलं. माझ्या तोंडून देव पुन्हा कधी बोलला नाही. पोटभर झोपायला लागल्यावर तो कसा बोलणार? तातोबा मात्र पुढं कितीतरी दिवस गाडीत चढला की माझ्या पाया पडायचा आणि तिकीट काढायचं विसरायचा.

तीन वर्षांनी मिरज-आटपाडी गाडीवर माझी ड्युटी होती. मिरजेच्या स्टँडवर एक बाई पत्र्याची पेटी घेऊन चढली. गाडी भरलेली. मी सवयीनं म्हणालो, "पुढं सरका, पुढं जागा हाय."

"हाय का नक्की?" ती म्हणाली. "का फुल्ल हाय?"

सिंधू होती. वाळली होती, आणि ताठ झाली होती. माझ्या हातातल्या तिकिटांच्या पेटीचं झाकण उघडंच राहिलं.

"कुठलं देऊ?" मी विचारलं.

"बाणूरवाडी."

म्हटलं आत्याला भेटायला निघाली असेल. तिकीट तिच्या हातात देत विचारलं, "शिक्षण झालं?"

"झालं. नोकरी बी लागली, आटपाडीच्या दवाखान्यात." मग दांडीला धरून ती माझ्याकडं वळली. "आमच्यात नाईटच्या पोरींना तुमच्यासारखं व्हायचं, नानांनी मला सांगितलं हुतं तसं. सलग राती जागल्या की म्हणायच्या, हे हात माझे न्हाईत, मी लांबून बघतीय. मी त्यांना सांगायची, घाबरू नका, झोप घ्या, येताल माघारी. आमच्यातला एक देव असाच बाहेर पडला हुता."

"काय सांगतेस," मी म्हणालो. 

"आणि एक सांगू का? झोपेत तुम्ही कायम एकदाच घंटा मारायचा. मी सगळे दिवस शेजारी हुते. शेळीच्या वेळी एकदा, तातोबाच्या वेळी एकदा, मिरज फुल्लच्या वेळी एकदा. डबल एकदाच मारली." तिनं पदर सारखा केला. "मला तेव्हा न्हाई कळलं. सोमवारी मिरजेच्या गाडीत बसले, कंडक्टरनं दोनदा दोर ओढला आणि गाडी सुटली, तवा कळलं. विट्यापर्यंत हसत हुते. पुढं रडत गेले."

झोपेत माझी गाडी कधी सुटायचीच नाही. कुणी ना कुणी हात करत पळत यायचंच. ती एक गाडी मी जागेपणी सोडली होती. पहिल्या शब्दापासून घंटेपर्यंत, मामा, देव, बापू आणि निम्म्या गावासमोर, डोळे घट्ट मिटून मी टक्क जागा होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं आणि तिलाही सांगायची पाळी आली नाही.

"कळलं होतं, तर इतक्या वर्षांत एक अक्षर का बोलली नाहीस?"

"तेव्हा मला जायचं हुतं," ती म्हणाली.

मामाचं गाव आलं आणि गेलं. ती उतरली नाही. बाणूरवाडीच्या फाट्यावर मी सिंगल मारली. मुल्ला ड्रायव्हरनं गाडी थांबवली. मी तिची पेटी खाली दिली.

"आत्याकडं काम आहे का काही?"

"साखरपुडा हाय," सिंधू म्हणाली. "देवानं सांगितलं हुतं ना, मागच्या गाडीनं? मग आले मागच्या गाडीनं." आणि पेटी उचलून ती आमच्या घराच्या वाटेला लागली.

मी दारात उभा राहिलो. गाडी उभी राहिली. प्रवासी उभे राहिले. सगळं क्षणभर पुन्हा फोटोसारखं लांब झालं, तशी मी घाबरून आधी खांब शोधला. पण गाडीत खांब कुठला? दाराची दांडी होती आणि ती माझ्या मुठीत चांगली गरम लागत होती.

"ओ जालिंदरराव," मुल्ला पुढून ओरडला, "डबल द्या की! झोपला का काय?"

"न्हाई हो," मी ओरडलो, "जागा हाय!" आणि दोनदा दोर ओढला.